स्विचांची भाऊबंदकी

१८७० साली जलंबहून खामगावला जाणारा रेल्वेचा फाटा सुरू झाला. लांबी जेमतेम आठ मैल. तरी त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता, कारण खामगाव ही वऱ्हाडातल्या कापसाची मोठी बाजारपेठ होती आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर या मुलखाकडे वळवली होती. फाटा सरकारी पैशाने बांधलेला, मुख्य मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा. मालक दोन, पण रुळांमधलं अंतर एकच, साडेपाच फूट. त्यामुळे खामगावात भरलेली वाघीण जलंबला रिकामी न करता थेट मुंबईच्या वाटेला लागू शकत होती. गंमत अशी, की याच मेयोच्या कारकिर्दीत, याच सुमारास, काटकसरीसाठी हिंदुस्थानात मीटर गेज आणायचं ठरलं. पुढे इंदूरकडून आलेली मीटर गेज खांडव्याला मोठ्या गेजला भेटली आणि तिथे माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवण्याचा धंदाच उभा राहिला. अकोला-खांडवा मार्गही मीटर गेजचाच झाला. त्याच्या रुंदीकरणाची वेळ आली तेव्हा वाटेत मेळघाटचा व्याघ्र प्रकल्प होता, आणि पर्यायी मार्ग म्हणून सोनाळा, जामोद ही बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाची नावं पुढे आली. मेयोच्या काळातल्या एका हिशेबाची थकबाकी अशी दीडशे वर्षांनी संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांच्या दारात येऊन उभी राहिली.

मेयोचा निर्णय त्याच्या काळापुरता बिनडोक नव्हता. पैसा कमी होता, मुलूख मोठा होता, अरुंद मार्ग स्वस्त पडत होता. दोन यंत्रणा एकत्र नांदत नाहीत तेव्हा आपण आधी कोणाचा तरी हट्ट किंवा कावा शोधतो. माझं म्हणणं असं, की बहुतेक वेळा दोष निर्णयांच्या क्रमात सापडतो. गरज आधी येते, मानक मागाहून येतं, आणि मधल्या काळात लोक थांबून राहत नाहीत. ज्याला जे सुचलं ते तो बांधून मोकळा होतो. या म्हणण्याला रेल्वेपेक्षाही भक्कम पुरावा आज जिल्ह्यातल्या कचेऱ्या, बँका आणि महाविद्यालयांच्या भिंतीवरच्या लोखंडी कपाटांत सापडेल. त्या कपाटांत नेटवर्क स्विच असतात, बहुधा दोन-तीन कंपन्यांचे, आणि त्यांच्यातली सगळ्यात चिवट भाऊबंदकी ज्या एका नियमावरून चालते त्याचं नाव स्पॅनिंग ट्री.

हा नियम का लागतो, हे रेल्वेशीच ताडून पाहता येतं. खामगाव हे टोकाचं स्टेशन. तिथून पुढे रूळ नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि तो झाला तर जिल्ह्याला दुसरी वाट मिळेल. त्यात कोणाचं नुकसान नाही. स्विच ज्या रीतीने एकमेकांना जोडले जातात त्या इथरनेटचं याच्या नेमकं उलट आहे. दोन स्विचांमध्ये दुसरी तार जोडली, किंवा तीन स्विच वर्तुळात जोडले, की आख्खं जाळं काही सेकंदांत कोलमडू शकतं. कारण इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या माहितीच्या गठ्ठ्याला, आयुष्याची मर्यादा नाही. आयपीच्या पाकिटावर एक आकडा असतो, तो दर टप्प्याला एकाने घटतो आणि शून्य झाला की पाकीट संपतं. फ्रेमवर असं काही लिहिलेलं नसतं. त्यात सर्वांसाठी पाठवलेली फ्रेम स्विच ज्या दाराने म्हणजे पोर्टने आली ते सोडून बाकी सगळ्या दारांनी बाहेर काढतो. वर्तुळ असेल तर ती फिरून परत येते, पुन्हा सगळ्या दारांनी सुटते, आणि फ्रेमांचा असा लोंढा तयार होतो की कामाच्या फ्रेमला वाटच राहत नाही. तरीही दुसरी तार हवीच असते, कारण पहिली कधी ना कधी तुटणार. तार हवी पण वर्तुळ नको, हा पेच रेडिया पर्लमन यांनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन म्हणजे ‘डेक’ या कंपनीत असताना सोडवला आणि १९८५ साली निबंधरूपाने मांडला. सगळ्या यंत्रांनी एकमेकांना छोटे संदेश पाठवायचे, सगळ्यात लहान क्रमांक ज्याचा त्याला मूळ मानायचं, मुळापर्यंतची आपली सगळ्यात स्वस्त वाट ठेवायची आणि वर्तुळ पुरं करणारी दारं मिटून घ्यायची. उरतं ते झाड. वापरातली तार तुटली की मिटलेलं दार उघडतं. या संदेशांना बीपीडीयू म्हणतात. (पर्लमन यांनी आपल्या निबंधासाठी या रीतीवर एक छोटी कविताही रचली होती, मानकांच्या रुक्ष जगात हा अपवादच.)

भाऊबंदकी पहिल्या पिढीतच सुरू झाली. डेकचं यंत्र बाजारात होतं, त्याचा स्पॅनिंग ट्री चालत होता, आणि १९९० साली आयईईई या संस्थेने त्याच कल्पनेवर ८०२.१डी हे मानक प्रसिद्ध केलं. डोकं एकाच बाईचं, पण मानकातल्या संदेशांचा पत्ता वेगळा ठरला, मांडणी वेगळी ठरली. डेकची बोली बोलणारं यंत्र आणि आयईईईची बोली बोलणारं यंत्र एकाच जाळ्यात आली, की एकाचा संदेश दुसऱ्याला परका माल वाटायचा आणि तो न वाचताच पुढे सोडला जायचा. एका तारेवर दोन झाडं वाढायची आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नसायचा. परिणामाचा भरवसा नाही. जुन्या यंत्रांच्या सेटिंगमध्ये ‘डेक की आयईईई’ असा पर्याय विचारला जायचा, तो याच दुफळीची खूण. कंपन्या आपापला माल खपवण्यासाठी मुद्दाम मानक मोडतात, असा आरोप नेहमी होतो; इथे मात्र मोडायला मानकच नव्हतं. पहिला आला तो पुढे मानकाबाहेर पडला, एवढंच.

दुसरी आणि जास्त महागाची फूट व्हीलॅनमुळे पडली. एकाच स्विचवर लेखा विभाग वेगळा, आस्थापना वेगळी, कॅमेरे वेगळे, असे कप्पे पाडायची सोय १९९०च्या दशकात आली. सिस्को या कंपनीने फ्रेमवर कप्प्याचा क्रमांक लिहिण्याची स्वतःची रीत काढली आणि प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र झाड दिलं. यालाच पीव्हीएसटी म्हणतात. त्यात फायदा होता: दोन तारांपैकी एक निम्म्या कप्प्यांना आणि दुसरी उरलेल्यांना वापरता येई, कुठलीच तार रिकामी पडून राहत नसे. आयईईईचं व्हीलॅनचं मानक ८०२.१क्यू आलं १९९८ साली, आणि त्याने सगळ्या कप्प्यांना मिळून एकच झाड ठेवलं. आता सिस्कोचे ग्राहक अनेक झाडांवर आणि बाकी जग एका झाडावर. यावर सिस्कोने काढलेली तोड म्हणजे पीव्हीएसटी प्लस, आणि आजच्या निम्म्या तक्रारींची नाळ तिथपर्यंत जाते, असं माझं मत आहे.

ही तोड जवळून पाहण्यासारखी आहे. सिस्कोचा स्विच व्हीलॅन १ साठी मानक संदेश पाठवतो, आयईईईने नेमलेल्या ०१-८०-सी२-००-००-०० या पत्त्यावर, क्रमांकाची चिठ्ठी न लावता. हा संदेश प्रत्येक कंपनीच्या स्विचला कळतो. बाकीच्या कप्प्यांचे संदेश मात्र तो स्वतःच्या ०१-००-०सी-सीसी-सीसी-सीडी या पत्त्यावर, त्या त्या कप्प्याची चिठ्ठी लावून पाठवतो. परक्या कंपनीच्या स्विचच्या लेखी हा पत्ता कुठलाही सामान्य समूह-पत्ता असतो; तो संदेश उघडत नाही, फक्त पुढे सोडतो. समजा दोन बाजूंना सिस्को आणि मध्ये दुसऱ्या कंपनीचा स्विच आहे. व्हीलॅन २० च्या दृष्टीने दोन्ही सिस्को एकमेकांना खेटून बसलेले आहेत, मधला जणू नाहीच. व्हीलॅन १ च्या दृष्टीने मधला पुरता हजर आहे, आणि त्याने आपल्या एकमेव झाडाच्या हिशेबाने एखादं दार मिटलं, की ते सगळ्याच कप्प्यांना मिटतं. मग कार्यालयात चित्र असं दिसतं की काही टेबलांचं काम चालू आणि काहींचं बंद, तार शाबूत, दिवे हिरवे. यात आणखी एक मौज आहे. सुरक्षेचे सल्लागार सांगतात की व्हीलॅन १ दोन स्विचांमधल्या जोडावरून काढून टाका. सल्ला चांगलाच आहे. पण पीव्हीएसटी प्लस आणि मानक यांच्यातला एकमेव समाईक दुवा नेमका व्हीलॅन १ वर चालतो. तो काढला की बोलणंच खुंटतं. दोन शहाण्या सल्ल्यांची अशी टक्कर होते तेव्हा चूक शोधायला माणूस शेवटच्या बदलाकडे पाहतो, आणि मूळ १९९८ सालात असतं.

पुढच्या मानकांनी हे मिटवलं, असा आक्षेप इथे येईल, आणि तो वजनदार आहे. जुन्या रीतीत मिटलेलं दार उघडायला ३० ते ५० सेकंद लागत, २००१च्या ८०२.१डब्ल्यूने म्हणजे आरएसटीपीने ते काम बहुतेक वेळा सेकंदभराच्या आत आणलं. २००२च्या ८०२.१एसने एमएसटीपी आणला आणि अनेक कप्प्यांचे गट करून गटागटाला झाड देण्याची सोय मानकातच केली. शिवाय आरएसटीपी जुन्या भावाशी जुन्या बोलीत बोलतो: दारावर जुना संदेश ऐकू आला की त्या दारापुरता तो मागे येतो. हे सगळं खरं. पण जुळवून घेणं म्हणजे जुन्याच्या चालीने चालणं. एक जुना स्विच मध्ये राहिला की त्या बाजूला पुन्हा तेच अर्धं मिनिट मोजत बसायचं. एमएसटीपीची अट तर याहून कडक. दोन स्विच एकाच प्रदेशात मोडायचे तर प्रदेशाचं नाव, आवृत्तीचा आकडा आणि कुठला कप्पा कुठल्या गटात याची आख्खी यादी, तिन्ही तंतोतंत जुळावी लागतात. एका स्विचवर नावाचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत आणि दुसऱ्यावर लहान, एवढ्याने ते दोन प्रदेश होतात. त्यातही मानक पक्कं होण्याआधीच्या एमएसटीचे स्विच सिस्कोने विकले होते, त्यांच्या संदेशाची मांडणी पुढच्या मानकाशी जुळत नव्हती. इलाज आला म्हणून जुनी पेट्या-कपाटं कोणी टाकून देत नाही.

वाटेच्या किमतीचा प्रश्न तर शुद्ध इतिहासाचाच आहे. सुरुवातीला किंमत काढायची रीत सोपी होती: १००० भागिले तारेचा वेग. १० मेगाबिटला १००, १०० मेगाबिटला १०, आणि गिगाबिटला १. त्याहून वेगवान तार आली की आकडा संपला. म्हणून नवा तक्ता आला, त्यात १०० मेगाबिटला १९, गिगाबिटला ४ आणि १० गिगाबिटला २. तोही अपुरा पडला, आणि २००१ साली लांब आकड्यांचा तक्ता आला: १०० मेगाबिटला २,००,०००, गिगाबिटला २०,०००. सिस्कोच्या पीव्हीएसटीत छोटा तक्ता मुळात लावलेला असतो. इतर अनेक कंपन्या लांब तक्ता लावून स्विच विकतात. दोन्ही एका जाळ्यात आले की मुळापर्यंतची बेरीज निरर्थक होते. एका वाटेवर १०० मेगाबिटची जुनी तार १९ सांगते, दुसरीवर गिगाबिटची नवी तार २०,००० सांगते, आणि झाड इमानेइतबारे जुन्या तारेवर सगळा भार टाकतं. कुठेही बिघाड नाही, कुठलंही यंत्र खोटं बोलत नाही. फक्त दोघांच्या हातात वेगवेगळ्या सालची दरपत्रकं आहेत.

आता हे बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात जास्त का भेटतं, याकडे येऊ. शेगावचं श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३चं, म्हणजे पर्लमन यांच्या निबंधाहून दोन वर्षांनी मोठं. जिल्हा मुख्यालयं उपग्रहाने जोडणारं निकनेट १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात उभं राहिलं. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेला, जिचं पुढे भारतनेट झालं, केंद्राने २०११ साली मंजुरी दिली. तेरा तालुक्यांच्या जिल्ह्यात संगणकाची जोडणी अशी योजनेयोजनेने येते, आणि प्रत्येक योजना आपला निधी, आपली निविदा आणि आपला पुरवठादार घेऊन येते. इतक्या वयाच्या इमारतींत, मग जिल्हा कुठलाही असो, सगळे स्विच एका वर्षीचे असणं जवळपास अशक्य. सरकारी खरेदीत एकाच कंपनीचं नाव घालून निविदा काढू नये हा दंडक आहे आणि तो योग्यच आहे; त्यामुळे कमी दराचा स्वीकारला जातो आणि कपाटात नवा भाऊ येतो. सगळा माल परदेशी असतो असंही नाही. गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतून स्मार्टलिंक या कंपनीने वर्षानुवर्षं नेटवर्कचं सामान देशभर पोचवलं. स्विच कुठे बनला यापेक्षा तो पेटीतून निघताना कोणत्या सवयी घेऊन निघतो हे महत्त्वाचं. सिस्कोच्या स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री चालू अवस्थेत येतो. एचपीच्या प्रोकर्व्ह मालिकेत तो मुळात बंद असायचा. दोघांमागे विचार आहे: एकाने वर्तुळाची भीती धरली, दुसऱ्याने विनाकारण मिटणाऱ्या दारांची.

मग सगळं एकाच कंपनीचं घ्यावं, हा उपाय हमखास सुचवला जातो. तो दोन ठिकाणी लंगडा पडतो. पहिलं, कंपनी हीच स्थिर वस्तू नाही. एचपीने २०१० साली थ्रीकॉम विकत घेतली, आणि त्यानंतर एकाच नावाखाली दोन वेगळ्या घराण्यांचे स्विच विकले जाऊ लागले, आज्ञावली वेगळी, सवयी वेगळ्या. दुसरं, एकाच घरातलं जाळंही वाढता वाढता नियमाबाहेर जातं. बोस्टनच्या बेथ इस्राएल डीकोनेस रुग्णालयाचं नेटवर्क नोव्हेंबर २००२ मध्ये सुमारे चार दिवस कोलमडलं. डॉक्टर-परिचारिकांना कागदावर यावं लागलं. जाळ्याच्या कुठल्याही दोन टोकांमध्ये सातहून जास्त स्विच असू नयेत असं स्पॅनिंग ट्रीच्या ठरावीक वेळा गृहीत धरतात, आणि ते जाळं जोडणीवर जोडणी होत त्यापलीकडे गेलं होतं. रुग्णालयाचे माहिती-अधिकारी जॉन हलामका यांनी हा प्रकार दडवून न ठेवता जाहीरपणे मांडला, म्हणून तो आज अभ्यासाला मिळतो. तिथे कंपन्यांचं भांडण नव्हतं, तरी थर होते.

दुसरा उपाय त्याहून सरळ वाटतो: जास्तीची तार जोडूच नका, स्पॅनिंग ट्री बंद करा. पण वर्तुळ आमंत्रणाची वाट पाहत नाही. टेबलाखाली कोणी आठ दारांचा साधा, बिनडोक्याचा स्विच ठेवतो. झाडलोट करताना लोंबणारं टोक दिसतं आणि कोणीतरी ते सद्भावनेने रिकाम्या दारात खोचतो. अशा साध्या स्विचांतले काही बीपीडीयू जसेच्या तसे पुढे सोडतात आणि काही गिळून टाकतात. पहिल्या प्रकारात वरच्या शहाण्या स्विचला आपलाच संदेश परत आलेला दिसतो आणि तो दार मिटतो. दुसऱ्यात त्याला काहीच कळत नाही आणि लोंढा सुरू होतो. पेटीवरून कुठला स्विच कुठल्या जातीचा हे ओळखू येत नाही.

आणि स्पॅनिंग ट्रीच कालबाह्य झाला असं म्हणणाऱ्यांनी त्याच्या वारसांकडे पाहावं. पर्लमन यांनीच पुढे ट्रिल ही रीत सुचवली, तिचा मुख्य दस्तऐवज २०११चा. आयईईईची त्याच कामाची ८०२.१एक्यू आली २०१२ साली. दोन संस्था, दोन मानकं, एकच काम, आणि त्यातच सिस्कोची फॅब्रिकपाथ वेगळी. मोठ्या डेटा सेंटरांनी यातून निसटून वरच्या थराचं राउटिंग खालपर्यंत आणलं. तहसील कार्यालयाच्या कपाटात तेवढा खर्च आणि तेवढं मनुष्यबळ येत नाही.

म्हणून बिघाड शोधण्याचा क्रमही इतिहासाचाच असावा असं मला वाटतं. आधी प्रत्येक स्विचचं साल आणि आज्ञावलीची आवृत्ती कागदावर घ्यायची, मग कुठल्या कप्प्यात मूळ कोण आहे ते पाहायचं. प्राधान्याचा आकडा सगळीकडे मुळातला ३२७६८ राहिला असेल तर निवड मॅक पत्त्यावर, म्हणजे यंत्राला कारखान्यातच मिळालेल्या क्रमांकावर जाते, लहान पत्ता जिंकतो, आणि लहान पत्ता बहुधा जुन्या यंत्राचा असतो. कोपऱ्यातला थकलेला स्विच आख्ख्या इमारतीचं मूळ होऊन बसतो. मधल्या दणकट स्विचला हाताने ४०९६ दिलं की हा प्रश्न मिटतो. मग किमतीचा तक्ता सगळीकडे एक करायचा, चिठ्ठी न लावलेला कप्पा जोडाच्या दोन्ही टोकांना एकच आहे ना ते पडताळायचं, व्हीलॅन १ ची वाट मोकळी ठेवायची, आणि सगळ्यांना येणारी बोली, बहुधा एमएसटीपी, नक्की करायची. हे काम आठवड्याभरात होतं. खरेदीच्या कागदात राहून गेलेली चूक मात्र पुढची सात-आठ वर्षं पुरते. निविदेत ‘८०२.१डी नुसार’ एवढंच लिहिलं, तर १९९०चा, १९९८चा आणि २००४चा असे तिन्ही स्विच त्या अटीत बसतात. २००४च्या आवृत्तीने जुना स्पॅनिंग ट्री काढून त्या जागी आरएसटीपी घातला, आणि २०१४ साली हा सगळा मजकूर ८०२.१क्यू मध्ये विलीन झाला. तेव्हा अटीत मानकाच्या क्रमांकापुढे साल लिहावं, एमएसटीपी चालू हवा असं वेगळं नमूद करावं, आणि देयक काढण्याआधी कपाटातल्या जुन्या स्विचला नवा जोडून, एक तार उपटून, दार किती वेळात उघडतं ते पुरवठादारासमोर मोजून घ्यावं.